दह्याशेजारचं औषध

आमच्या आपाच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात दोन वस्तू शेजारी शेजारी असतात. एक दह्याचं मातीचं गाडगं आणि दुसरं वजन उतरवण्याचं इंजेक्शन. दिसायला शाईच्या पेनासारखं. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, ती ते स्वतःच्या हातानं पोटाच्या कातडीत टोचून घेते आणि पेन पुन्हा जागच्या जागी ठेवते. दही रोजचं, सुई आठवड्याची.

गेल्या पावसाळ्यात तिनं मला विचारलं, ‘‘तू पुस्तकं वाचतोस, एवढं सांग. या सुईनं वजन उतरतंय ते मला दिसतंय. पण पोटात चांगले जंतू असतात म्हणतात, त्यांचं काय होत असेल? वर्षभर घेतली, दोन वर्षं घेतली तर?’’

श्रोतेहो, मी बी. ए. झालेला, तोही मराठी घेऊन. माझ्या कवितेनं आजवर कुणाचा ग्रॅमभर मेदही उतरवलेला नाही. पण आपाचा प्रश्न पोकळ नव्हता. १९९५-९६ च्या सुमारास, तिशी-पस्तिशीत असताना, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरनं तिला ‘जाडी कमी करायच्या’ कॅप्सूल दिल्या होत्या. कागदाच्या पुडीत बांधलेल्या, नाव नसलेल्या. दोन महिन्यांत ती सात किलोंनी उतरली. साऱ्या मोहल्ल्यानं कौतुक केलं. मग रात्री छाती धडधडायला लागली, झोप उडाली, चिडचिड वाढली. पुड्या बंद केल्या आणि वर्षाच्या आत सातचे दहा किलो परत आले. त्या पुडीत काय होतं, हे आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा या वेळी तिनं आधी विचारलं. म्हणून मी शोधायला बसलो आणि माझ्या हाती एक सोडून दोन इतिहास लागले. एक वजनाच्या औषधांचा आणि दुसरा पोटातल्या जंतूंचा. ते फार काळ एकमेकांना ओळख न दाखवता समांतर चालत आलेले आहेत.

पहिला इतिहास सुरू होतो दारूगोळ्याच्या कारखान्यात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन स्फोटकांसाठी वापरत. ते हाताळणारे कामगार घामानं निथळत, वाळत, ताप चढून काही जण दगावत. १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग या दोघांनी हेच रसायन लठ्ठपणावर वापरून पाहिलं. अन्नातून येणारी शक्ती शरीरानं साठवायची किंवा वापरायची सोडून ती नुसती उष्णतेच्या रूपानं उधळायची, असं त्याचं काम. चुलीचं तोंड उघडं टाकून लाकडं जाळण्यासारखं. वजन झपाट्यानं उतरे. वर्षभरात सुमारे एक लाख लोकांनी ते घेतलं असावं, असा अंदाज खुद्द टेंटरनं केला होता. मग तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले. काही जण शरीर आतून भाजून निघावं तसे तापानं गेले. १९३८ मध्ये अमेरिकेत औषधांचा नवा कायदा आला आणि या औषधाचा रस्ता बंद झाला.

पुढची यादी लांब आहे, मी ती भरभर सांगतो. अ‍ॅम्फेटामिन आलं, भूक मारणारं आणि सवय लावणारं. १९६० च्या दशकात युरोपात अमिनोरेक्स आलं आणि फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढवून गेलं. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन या दोन गोळ्या एकत्र देण्याची लाट तर अमेरिकेत अशी उसळली की, १९९६ या एका वर्षात १ कोटी ८० लाखांहून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९९७ च्या जुलैत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं सांगितलं आणि सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. रिमोनाबंट युरोपात २००६ मध्ये आलं आणि २००८ मध्ये मनावर होणाऱ्या परिणामांमुळे थांबवावं लागलं. सिब्युट्रामिन २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेलं, पाठोपाठ आपल्याकडूनही. ही तारखांची रांग वाचताना मला सारखी ती कागदाची पुडी आठवत होती.

या साऱ्या काळात कुणी मेंदूतली भूक मारली, कुणी शरीराची भट्टी भडकवली. आतड्यात राहणाऱ्या जीवांना मात्र कुणी विचारलं नाही. त्यांची ओळख नव्हती असं नाही. १६८१ मध्येच हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहुक यानं, जुलाब लागलेले असताना, स्वतःचीच विष्ठा आपल्या भिंगाखाली धरली होती आणि त्यात चपळाईनं हलणारे जीव पाहिले होते. कुतूहलापुढे किळस हरली, असा हा गृहस्थ. १८८५ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन बालवैद्य एशेरिष यानं तान्ह्या मुलांच्या मलातून एक जिवाणू वेगळा काढला. आज त्याला त्याच्याच नावानं इ. कोलाय म्हणतात.

मग येतो इल्या मेचनिकॉफ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला हा रशियन शास्त्रज्ञ, १९०८ च्या नोबेलचा मानकरी. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू माणसाला लवकर म्हातारं करतात आणि दह्यातले आंबवणारे जंतू त्यांना आवर घालतात, असं त्याचं मत होतं. बल्गेरियातले शेतकरी दही खातात आणि दीर्घायुषी होतात, याचा तो दाखला देई. त्याचं म्हणणं निम्मंच खरं ठरलं, पण युरोपला दह्याचं वेड लागलं. आपल्याकडं रात्री चमचाभर विरजण लावून निजणाऱ्या बायांना हे कळलं असतं, तर त्या हसल्या असत्या. याच मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढं आपल्या मुंबईत आला. तो वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगात त्यानं इथं लस तयार केली, १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची. गुरू पोटातल्या जंतूंच्या मागं, शिष्य प्लेगच्या. पण त्या पिढीला जंतू म्हणजे मुख्यतः शत्रूच वाटे, आणि प्लेगच्या दिवसांत दुसरं काय वाटणार!

जंतू आणि वजन यांची पहिली गाठ पडली, तीसुद्धा कोंबड्यांच्या खुराड्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघं पिलांच्या खाद्यासाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त साठा शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार झाल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिलांना घातला. पिलं अपेक्षेपेक्षा फारच जोमानं वाढली. बी-१२ मुळं एवढं होणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. वाढ होती ती चोथ्यात राहिलेल्या अंशमात्र प्रतिजैविकाची. १९५० मध्ये ही बातमी फुटली आणि जगभर कोंबड्या, डुकरं, वासरं यांच्या खाद्यात प्रतिजैविकं मिसळू लागली. इलाजासाठी नव्हे, नुसती वजनवाढीसाठी. पुढं इंग्लंडमध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिलांना तेच खाद्य देऊन पाहिलं, तेव्हा त्यांची तशी वाढ झाली नाही. म्हणजे औषध थेट पिलावर काम करत नव्हतं, त्याच्या आतड्यातल्या वस्तीवर करत होतं. युरोपीय संघानं ही चाल २००६ मध्ये पूर्ण बंद केली. आपल्याकडं २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर पशुखाद्यासाठी बंदी आली.

इतकी ढळढळीत गोष्ट खुराड्यात पन्नास वर्षं पडून होती. माणसाच्या वजनाशी ती जोडायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून एकही जंतू नसलेले उंदीर होते. ते साध्या उंदरांपेक्षा जास्त खात आणि तरीही सडपातळ राहत. त्यांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जंतू सोडले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे साठ टक्क्यांनी वाढली, आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन! आपल्याला न पचणारा कोंडा, साली, चोथा हे जंतू आंबवतात आणि त्यातली शक्ती आपल्याला मिळवून देतात. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेनं १२ लठ्ठ माणसांना वर्षभर पथ्यावर ठेवलं. वजन उतरलं तसं त्यांच्या आतड्यातल्या जंतूंच्या दोन मोठ्या घराण्यांचं प्रमाण बदललं.

वर्तमानपत्रांनी लगेच ‘लठ्ठपणाचे जंतू सापडले’ असे मथळे दिले. ते टिकले नाहीत. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत या दोन घराण्यांचं प्रमाण आणि लठ्ठपणा यांचा संबंध फारच क्षीण निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये थोड्या भारतीय माणसांवर काम प्रसिद्ध केलं. तिथं तर अमेरिकेत लठ्ठांमध्ये कमी सांगितलेलं बॅक्टेरॉइड्स कुळ लठ्ठांमध्येच ठळक दिसलं. आता यात आश्चर्य ते काय? पोटातली वस्ती ताटावर ठरते, आणि ज्वारीची भाकरी खाणाऱ्याचं ताट सेंट लुईसच्या ताटासारखं कसं असेल!

आणि आपलं शरीरही निराळं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपला एकत्र फोटो छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं, निर्देशांक २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून मेदस्वी, हा आपला देशी नमुना. हा फोटो माझ्या फार आवडीचा आहे. आमच्या घरात किमान चार जण असे आहेत, फोटो काढून घ्यायला तयार असलेले.

आता औषध आणि जंतू यांची भेट.

१९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ऑर्लिस्टॅट हे मुळात जंतूंचंच देणं. मातीतला एक जिवाणू लिपस्टॅटिन नावाचा पदार्थ तयार करतो, त्यावरून ते बनवलं. ते जेवणातली सुमारे तीस टक्के चरबी पचू देत नाही. ती चरबी मग मोठ्या आतड्यात उतरते आणि जो त्रास होतो तो रेडिओवर सांगण्यासारखा नाही. तेलकट अन्न कमी केलं नाही, तर कपडे वाया जातात, एवढंच सांगतो. या औषधाची धास्ती हेच त्याचं पथ्य, असं एक डॉक्टर मला म्हणाले.

खरी शिकवण दिली ती मेटफॉर्मिननं. मधुमेहाची ही गोळी आज भारतात घरोघरी आहे, आपाकडं पंधरा वर्षांपासून. तिचा उगम गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीत. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ती मधुमेहावर वापरली. वजनही ती थोडंसं उतरवते. २०१२-१३ मध्ये चीन आणि स्वीडनमधल्या दोन गटांनी मधुमेही माणसांच्या आतड्यातल्या जंतूंची पाहणी केली आणि दोघांची उत्तरं जुळेनात. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये उलगडा झाला. ज्याला रोगाची खूण समजत होते, तिचा मोठा भाग औषधाची खूण होता! रुग्ण मेटफॉर्मिन घेत होते आणि ती गोळीच त्यांच्या आतड्यातली वस्ती बदलत होती. एशेरिषियाच्या जाती वाढत होत्या. गोळीनं पोटात वायू धरतो, त्याच्याशी याचा संबंध असावा, असं संशोधकांचं म्हणणं पडलं.

२०१७ मध्ये स्वीडन आणि स्पेनच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं. नुकताच मधुमेह कळलेल्या, एकही गोळी न घेतलेल्या माणसांना चार महिने मेटफॉर्मिन दिलं. आधीचा मल आणि नंतरचा मल जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडला. औषध घेतल्यानंतरचा मल मिळालेल्या उंदरांना साखर जास्त चांगली पेलली. उंदरांना गोळी दिलीच नव्हती. गोळीनं बदललेली वस्ती दिली होती. म्हणजे औषधाच्या गुणाचा काही वाटा जंतूंच्या हातून येत होता. हे वाचलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी हजारावर औषधं आतड्यातल्या ४० जातींच्या जंतूंवर तपासली. प्रतिजैविकं नसलेली, माणसाच्या पेशींसाठी बनवलेली जी औषधं होती, त्यांतल्या २४ टक्के औषधांनी निदान एका जातीची वाढ रोखली. औषध आणि प्रतिजैविक ही आपण आखलेली रेघ जंतूंना ठाऊक नाही.

आता आपाची सुई. जेवण आतड्यात पोचलं की तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठराला सावकाश रिकामं हो म्हणतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. पण ते रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात याच्यासारखंच, पण टिकाऊ रसायन मिळालं. त्यावरून २००५ मध्ये पहिलं औषध आलं. पुढं लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड. भारतात मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये बाजारात आलं. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. त्या कागदी पुडीच्या काळात असं काही कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गंमत अशी की, हे संप्रेरक आणि आतड्यातले जंतू जुने शेजारी आहेत. चोथा आंबवताना जंतू ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं तयार करतात, आणि ती आम्लं त्याच पेशींना जीएलपी-१ सोडायला उद्युक्त करतात. डाळी, भाज्या, कोंडा पोटात गेला की जंतू आपल्या परीनं हीच सुई, अगदी बारीक मात्रेत, टोचत असतात.

सुई कातडीखाली जाते, जंतूंच्या अंगावर थेट पडत नाही. पण जठर सावकाश रिकामं होतं, आतड्याची चाल मंदावते, आपा आधीच्या अर्धंच जेवते, तळलेलं तर तिला नकोसं झालंय. वस्तीला मिळणारं अन्नच बदललं, तर वस्ती बदलणारच. उंदरांवरच्या प्रयोगांत हे बदल ठळक दिसतात. आतड्याच्या श्लेष्मावर जगणारा अ‍ॅकरमान्सिया हा जिवाणू अनेकदा वाढलेला सापडतो. २००४ मध्ये हॉलंडमध्ये ओळखला गेलेला हा जिवाणू बेल्जियममध्ये २०१९ मध्ये जादा वजनाच्या काही माणसांना तीन महिने दिला, तेव्हा इन्सुलिनचं काम सुधारलं, आणि तेही तापवून मारलेल्या जंतूनं जिवंतापेक्षा बरं. माणसांवरचे सुईचे अभ्यास मात्र छोटे आणि बहुतेक काही महिन्यांचेच आहेत. एकात जंतूंची विविधता वाढते, दुसऱ्यात फरक पडत नाही. त्यात रुग्ण मेटफॉर्मिनही घेत असतात, म्हणजे २०१५ चाच गुंता पुन्हा. दुकानात ‘सुईसोबत घ्या’ म्हणून मिळणाऱ्या जंतूंच्या महागड्या डब्या पाहिल्या की मला राग येतो. जी गोष्ट शास्त्रज्ञ अजून मोजताहेत, ती यांनी डबीत भरलीसुद्धा!

काळाबद्दल थोडं पक्कं सांगता येतं, पण ते दुसऱ्या वाटेनं आलेलं आहे. वजनासाठी जठराची शस्त्रक्रिया केलेल्या काही बायकांची स्वीडनमध्ये सुमारे नऊ वर्षांनी तपासणी झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या आतड्यातली बदललेली वस्ती नऊ वर्षं टिकून होती. उलट इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१६ मध्ये दाखवलं की, उंदरांना लठ्ठ करून मग सडपातळ केलं, तरी त्यांच्या जंतूंना जुन्या लठ्ठपणाची आठवण बराच काळ राहते. पुन्हा तुपाळ खाणं मिळालं की ते आधीपेक्षा वेगानं फुगतात. तिकडं सेमाग्लुटाइड थांबवलेल्या माणसांचा २०२२ मधला अहवाल सांगतो की, वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. यात भुकेचा वाटा मोठा आहे. जंतूंच्या आठवणीचा किती, हे माणसांत मोजलेलं नाही.

हे सगळं मी आपाला सांगितलं, दोन शुक्रवार लागले. तिला उंदरांत रस नव्हता. दोन तृतीयांश या आकड्यावर मात्र ती थांबली. ‘‘सातचे दहा,’’ एवढंच म्हणाली.

मग वहीचं पान फाडून तिनं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न माझ्याकडून लिहून घेतले. सुई किती दिवस? थांबवायची तर एकदम की हळूहळू? मेटफॉर्मिन इतकी वर्षं घेतेय, तर बी-१२ तपासायचं का? हा प्रश्न मी घातला, कारण लांबच्या वापरात ते कमी होतं हे माहीत आहे. जेवण अर्ध्यावर आलंय, तर त्या अर्ध्यात काय असावं? डॉक्टर तरुण बाई आहेत. त्यांनी चारही प्रश्नांना वेळ दिला, बी-१२ ची तपासणी लिहून दिली आणि भाताच्या जागी मटकी, मूग, भाकरी यांचा वाटा वाढवायला सांगितला. दही चालेल का, हे आपानं विचारलंच नाही.